‘श्वास’ ते ‘सैराट’ : वळण नेमकं कुठे आलं?

गणेशोत्सवातली गोष्ट. आरती झाली, प्रसाद झाला आणि नेहमीप्रमाणे आम्ही पाच-सहा जण कागदी बशा हातात धरून कोपऱ्यात गप्पा मारत उभे राहिलो. विषय मराठी सिनेमाकडे वळला. एक मित्र ठामपणे म्हणाला, "‘सैराट’ आला आणि मराठी सिनेमा सुधारला." दुसरे एक जण वयाने थोडे मोठे. ते लगेच म्हणाले, "छे हो, ‘सैराट’ फार नंतरचा. खरी सुरुवात ‘श्वास’पासून." तिसऱ्याने ‘नटरंग’चं नाव पुढे केलं. माझी मुलगी शेजारीच उभी होती. सिंगापुरात वाढलेली, मराठी समजणारी पण जपून बोलणारी. तिने सरळ विचारलं, "बाबा, म्हणजे त्याच्या आधी तो आजारी होता का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना एमआरटीत तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आजारी होता का? असेल तर बरा कधी झाला? आणि मुख्य म्हणजे, बरा होत होता तेव्हा आपण कुठे होतो?

माझा व्यवसाय सिनेमाचा नाही. मी कंपन्यांना सॉफ्टवेअर बसवून देतो आणि दर शुक्रवारी प्रकल्पाच्या तब्येतीचा तक्ता भरतो : लाल, पिवळा, हिरवा. नवी यंत्रणा सुरू होते त्या दिवशी केक कापतात, साहेब भाषण करतात, फोटो निघतात. पण अनुभवाने सांगतो, केक कापला त्या दिवशी प्रकल्प सुधारलेला नसतो. तो सुधारतो पुढे कधीतरी, एखाद्या साध्या मंगळवारी. तक्रारींचे फोन आधीच्या आठवड्यापेक्षा कमी येतात आणि पुढच्या आठवड्यातही कमीच राहतात. त्या मंगळवारी फोटो काढायला कोणी नसतं. तो मंगळवार होता हेसुद्धा नंतर, तक्ते मागे चाळताना कळतं.

हीच मोजपट्टी आपल्या सिनेमाला लावून पाहावी, असं मनात आलं.

आजार होता का?

माझा जन्म सत्तरच्या दशकाच्या शेवटचा. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा आणि आमची सारी चाळ टीव्ही असलेल्या दोन घरांत विभागली जायची. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ आजही माझ्या पिढीला तोंडपाठ आहे. तेव्हा त्या काळाला नावं ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी आम्हाला जे हसू दिलं ते खरं होतं.

पण १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ने जबरदस्त धंदा केला आणि त्यानंतरची काही वर्षं आठवली की मन खट्टू होतं. हसवणाऱ्यांच्या नकला आल्या, रडवणाऱ्यांच्याही नकला आल्या. कथा तीच, वाडा तोच, सासूही तीच. एकाच शहरात शेजारी हिंदी सिनेमाचा झगमगाट. घराघरांत केबल आलेली. मराठी मध्यमवर्ग नाटकाला जात राहिला, पण मराठी सिनेमाला जायचं त्याने हळूहळू सोडून दिलं. आम्ही कॉलेजात असताना "काल मराठी पिक्चर पाहिला" हे मित्रांना सांगायला धीर लागायचा.

गंमत अशी, की याच वर्षांत दुसरीकडे वेगळं काही चाललं होतं. १९९४ मध्ये जब्बार पटेलांचा ‘मुक्ता’ आला. १९९५ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ आणि अमोल पालेकरांचा ‘बनगरवाडी’. १९९९ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींचा ‘बिनधास्त’ आला; दोन मैत्रिणींभोवती फिरणारा तो रहस्यपट लोकांनी आवडीने पाहिला. त्याच वर्षी अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि रंगभूमीवरच्या कितीतरी नटांना, लेखकांना रोज कॅमेऱ्यासमोर आणि कॅमेऱ्यामागे काम मिळू लागलं. २००२ मध्ये भावे-सुकथनकरांचा ‘वास्तुपुरुष’ आला. पडक्या वाड्याची आणि पडत्या घराण्याची अशी संयत गोष्ट त्याआधी मराठीत क्वचितच आली असेल.

म्हणजे रोगी अंथरुणावर होता हे खरं, पण नाडी चालू होती. आम्ही ती धरून पाहिली नाही, एवढंच.

‘श्वास’ : केक कापला तो दिवस

२००४ साली मी मास्टर्स करायला मेलबर्नला होतो. एका मित्राच्या आईने फराळाच्या डब्यासोबत ‘श्वास’ची व्हीसीडी पाठवली होती. त्या छोट्या खोलीत आम्ही चौघे ती पाहायला बसलो. दोघे मराठी, एक गुजराती, एक तेलुगू. कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या डॉक्टरकडे आणतात. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग आहे. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. मग आजोबा त्याला घेऊन रुग्णालयातून निघून जातात, जग एकदा डोळे भरून दाखवायला. सिनेमा संपल्यावर आमचा तेलुगू मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मराठी सिनेमा पाहून मला कोणापुढे ओशाळल्यासारखं झालं नाही, असा तो कितीतरी वर्षांतला पहिला प्रसंग.

संदीप सावंत यांच्या या चित्रपटाचं बळ कशात आहे? त्यात खलनायक नाही. डॉक्टर वाईट नाही, नातेवाईक वाईट नाहीत, नशिबाला शिव्या देणारी लांबलचक भाषणं नाहीत. अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळेचा परशा यांच्यामध्ये जे काही आहे ते न बोलता पोचतं. आज पुन्हा पाहताना काही उणिवाही जाणवतात. आपल्याला कळलेली गोष्ट पात्रं कधीकधी पुन्हा समजावून सांगतात. पार्श्वसंगीत थोडं थांबलं असतं तर बरं, असं वाटतं. पण ही खोट काढताना एक लक्षात ठेवायला हवं : हा रस्ता तेव्हा मळलेला नव्हता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलं होतं, त्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी हा मान मराठीकडे आला. ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड झाली, तिकडच्या प्रचारासाठी सामान्य लोकांनी मदत गोळा केली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, मराठी सिनेमाने कात टाकली.

पण वाचकहो, मी स्वतःचंच उदाहरण देतो. ‘श्वास’ पाहून मी भारावलो, चार जणांना सांगितलं, आणि त्यानंतर दोन वर्षांत एकाही मराठी चित्रपटाचं तिकीट काढलं नाही. माझ्यासारखे कितीतरी असतील. तक्त्यातला एक चौकोन हिरवा झाला म्हणजे प्रकल्प हिरवा झाला, असं होत नाही.

मधली वर्षं

खरी गोष्ट यानंतरच्या पाच-सहा वर्षांत घडली आणि आपल्या गप्पांत नेमकी तीच वर्षं गळून पडतात.

२००५ मध्ये निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ आला. संदीप कुलकर्णीने उभा केलेला माधव आपटे हा बँकेतला साधा माणूस एक दिवस बिथरतो. त्याचा उपाय मला पटत नाही, आणि चित्रपट त्याच्या हिंसेकडे जरा जास्तच कौतुकाने बघतो असं माझं मत आहे. पण लोकलच्या गर्दीतला घामट, चिडलेला मुंबईकर मराठी पडद्यावर इतक्या जवळून पूर्वी दिसला नव्हता. २००८ मध्ये उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’ आला. एक मोकाट बैल, त्याला पकडायला आलेला वनाधिकारी आणि बैलापेक्षा जास्त उधळलेलं गाव! इथे विनोद होता, पण तो कोणाच्या व्यंगावर नव्हता. त्याच वर्षी मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ आला. एका लहान मुलाला आपला बैल विकू द्यायचा नाही, एवढ्याशा कथेत शेतकऱ्याचं सारं कर्ज मावलं. २००९ मध्ये सतीश मनवर यांनी ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये शेतकऱ्याच्या आत्महत्येसारखा विषय काळ्या विनोदातून मांडला.

यातले काही चालले, काही पडले. पण तक्त्यातली रेघ पाहा. विषय वेगळे, दिग्दर्शक वेगळे, मांडणी वेगळी, आणि एक पडला तरी दुसरा थांबत नव्हता. सुधारणा अशीच होते. ती रोज दिसत नाही, पण मागे वळून पाहिलं की तळ वर आलेला असतो. शिखरं मोजून सिनेमाची तब्येत कळत नाही; तळ किती वर आला, ते पाहावं लागतं.

तो मंगळवार

आता माझं उत्तर सांगतो. वळण ‘श्वास’ला आलं नाही आणि ‘सैराट’लाही नाही. ते आलं जानेवारी २०१० मध्ये.

त्या एका महिन्यात दोन चित्रपट लागले. रवी जाधव यांचा ‘नटरंग’ आणि परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. पहिला आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. कुस्तीचं शरीर कमावलेला गुणा कलेच्या वेडापायी नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांनी त्यासाठी शरीर आधी कमावलं आणि मग उतरवलं. अजय-अतुल यांच्या संगीताने थिएटरं दणाणली. दुसरा चित्रपट दादासाहेब फाळक्यांवर, १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या जन्मकथेवर. तो अगदी हलक्या पावलांनी चालणारा. थोर पुरुषाच्या चरित्राला जो जडपणा येतो, तो मोकाशींनी जवळ फिरकू दिला नाही. नंदू माधव यांचे फाळके कर्ज काढतात, घरातलं सामान विकतात, पण कुठेही "पाहा माझा त्याग" असं म्हणत नाहीत.

दोन्हींत उणिवा आहेत. ‘नटरंग’मध्ये गाण्यांचा जोर इतका, की गुणाच्या घरातली उलथापालथ मागे पडते; त्याच्या बायकोची बाजू चित्रपट घाईत उरकतो. ‘फॅक्टरी’ इतकी हसतखेळत चालते, की फाळक्यांच्या हट्टाची किंमत घरच्यांनी काय मोजली, ते पुरतं बोचत नाही. पण माझा मुद्दा वेगळा आहे. एकाच महिन्यात दोन अगदी भिन्न प्रकृतींचे चांगले मराठी चित्रपट थिएटरात होते आणि घराघरांत प्रश्न होता, "यातला कुठला आधी पाहायचा?" ‘मराठी सिनेमा पाहायचा का?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘कुठला?’ हा प्रश्न आला. माझ्या लेखी वळण ते. दोन आठवडे सलग हिरवे!

नंतर जे झालं ते या वळणापुढचा रस्ता. २०११ चा ‘देऊळ’, ज्याला पुन्हा सुवर्णकमळ मिळालं. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा ‘शाळा’. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’, ज्याला २०१४ च्या बर्लिन महोत्सवात बालचित्रपटांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालं. मग ‘फँड्री’, ‘कोर्ट’ आणि २०१६ चा ‘सैराट’. ‘श्यामची आई’नंतर दुसऱ्या सुवर्णकमळासाठी पन्नास वर्षं थांबावं लागलं होतं. ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ ही चार मात्र २००४ ते २०१७ या काळात आली.

सिनेमा आपल्याकडे पाहू लागला

या टप्प्यावर एक फार महत्त्वाची गोष्ट झाली, तिच्याबद्दल आपण कमी बोलतो. तब्येत सुधारलेल्या माणसाला आरशात बघायचा धीर येतो. मराठी सिनेमालाही तो आला.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा शेवट आठवा. डुकरं पकडणाऱ्या घरातला जब्या दगड उचलतो आणि तो सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये सरकारी वकील बाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. रंगमंचावर परप्रांतीयांची टर उडवली जाते आणि सभागृह खदखदून हसतं. एका लोकशाहिरावर किती सहज खटला भरता येतो ते दाखवणारा हा चित्रपट, त्याच समाजाचं हसूही शांतपणे दाखवतो. तो प्रसंग पाहताना मला आपल्याच एखाद्या कार्यक्रमातलं आपलं हसू आठवलं. ‘सैराट’ने पहिल्या निम्म्यात सगळ्यांना नाचवलं आणि शेवटी एका तान्ह्या मुलाच्या पावलांच्या ठशांनी गप्प केलं. शंभर कोटींचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण मला मोठी वाटते ती त्या शेवटानंतरची थिएटरातली शांतता.

जालान अम्पासची गोष्ट

असं वळण फक्त आपल्याच वाट्याला आलं, असं नाही. आपण राहतो त्या देशाचीही अशीच कहाणी आहे आणि आपल्या मुलांना ती सांगण्यासारखी आहे. बालेस्टियर रोडजवळच्या जालान अम्पास या गल्लीत शॉ बंधूंचा स्टुडिओ होता. पी. रामलींचे मलय चित्रपट तिथे बनले. त्या काळात इथे कितीतरी दिग्दर्शक भारतातून आले होते; १९५६ चा रंगीत ‘हांग तुआह’ फणी मजुमदार यांनी केला. १९६७ मध्ये तो स्टुडिओ बंद झाला आणि पुढे १९८० च्या दशकात सिंगापूरची चित्रपटनिर्मिती जवळपास थांबलीच.

मग १९९५ मध्ये एरिक खू यांचा ‘मी पोक मॅन’ आला. १९९७ मध्ये त्यांचा ‘ट्वेल्व्ह स्टोरीज’ कान महोत्सवात पोचला. १९९८ मध्ये ‘मनी नो इनफ’ पाहायला इथल्या सामान्य माणसाने रांग लावली आणि त्याच वर्षी सरकारने फिल्म कमिशन स्थापन केलं. २०१३ मध्ये अँथनी चेन यांच्या ‘इलो इलो’ला कानमध्ये पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा दोर मिळाला, तेव्हा सगळ्यांना ते यश अचानक आल्यासारखं वाटलं. अचानक कसलं? मागे अठरा वर्षं होती.

आता थोडं आपल्याबद्दल

इथवर वाचून कोणी म्हणेल, यांना वळण बरोबर दिसलं! म्हणून एक कबुली देतो.

२०१० सालीच, आम्ही काही मित्रांनी मिळून एका शनिवारी मराठी चित्रपट दाखवायचा ठरवला होता. एका मित्राने उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ सुचवला. विरोध मी केला. म्हणालो, "लोक येणार नाहीत. आठवडाभर दमलेली माणसं, काहीतरी विनोदी आणा." माझं म्हणणं मान्य झालं. विनोदी सिनेमा आणला, लोक आले, हसले, बटाटेवडे खाऊन घरी गेले. आज त्या सिनेमाचं नाव मला आठवत नाही. पुढे दोन वर्षांनी जाकार्तातल्या एका हॉटेलात, कामाच्या रात्री, लॅपटॉपवर मी एकट्याने ‘विहीर’ पाहिला. सख्ख्या मित्रासारखा मावसभाऊ अचानक जातो आणि मागे राहिलेला मुलगा त्याला शोधत फिरतो. इतक्या संथपणे मृत्यूकडे बघणारा मराठी चित्रपट मी दुसरा पाहिलेला नाही. ज्याने तो सुचवला होता, तो मित्र तोवर सिंगापूर सोडून गेला होता. त्याच्यासोबत बसून तो पाहायचं राहून गेलं.

म्हणजे ज्या वर्षी वळण आलं असं मी आज मोठ्या तोऱ्यात लिहितो आहे, त्याच वर्षी ते माझ्या समोरून गेलं आणि मला दिसलं नाही.

आपण परदेशातले प्रेक्षक बहुधा असेच. तक्त्यातला सगळ्यात उशिरा हिरवा होणारा रकाना! पुरस्कार मिळाला, शंभर कोटी झाले, की आपण जागे होतो, अभिमानाने निरोप पुढे पाठवतो. पण बरं होण्याच्या काळात, जेव्हा रोग्याला खरी सोबत लागते, तेव्हा आपण नसतो.

आणि आजार उलटतही असतो. एक दार उघडलं की सगळे त्याच दारात गर्दी करतात. ‘सैराट’नंतर गावाकडच्या प्रेमकथांची रांग लागली. ऐतिहासिक चित्रपट चालले, तर तलवारींचा खणखणाट थांबेना. त्यातले थोडेच इतिहासातल्या माणसापर्यंत पोचतात. दुसरीकडे ‘कासव’सारखा नैराश्याशी हळुवार बोलणारा चित्रपट सुवर्णकमळ मिळवूनही ‘सैराट’च्या मानाने फार थोड्यांनी पाहिला. तरी रेघ तुटलेली नाही. २०२३ मध्ये केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ला बायकांनी घोळक्याने जाऊन उचलून धरलं. २०२५ च्या जानेवारीत रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक घेतलं. या दोन चित्रपटांत एकमेकांसारखं काहीच नाही, आणि हीच चांगली खूण आहे.

म्हणून एक साधी विनंती. वर्षातून दोन-तीनदा तरी, ज्याला अजून कुठलंही बक्षीस मिळालेलं नाही, असा मराठी चित्रपट आपण मिळून पाहावा. तिकीट काढून पाहावा. मुलांना सोबत घ्यावं. खाली इंग्रजी अक्षरं असतील तर असू द्यावीत. तो वाईट निघाला तर वाईट म्हणावं, पण का वाईट ते एकमेकांना सांगावं. नुसतं "आपला आहे, छान आहे" म्हणणाऱ्याची सोबत कुठल्याच रोग्याच्या कामाची नाही.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी थोडं उशिराच दिलं. म्हटलं, "हो, आजारी होता. पण बरा करणारे तेव्हाही रोज येत होते. भेटायला मात्र आम्ही गेलो नाही."

ती म्हणाली, "मग या वेळी जाऊ या."

परवा आम्ही दोघांनी ‘विहीर’ पाहिला. मध्यंतरी तिला कंटाळा आला, तिने तसं सांगितलंही. पण शेवटी ती बराच वेळ काही बोलली नाही. मला मेलबर्नची ती खोली आठवली.